आठव्या संक्रांतीचा तिळगूळ

पेठेतलं मेट्रो स्टेशन इतकं खोल खणलं होतं, की तिथे पोचेपर्यंत काळालाही धाप लागायची. खालच्या फलाटावर बारा मिनिटं गेली, की वर अख्खं वर्ष सरायचं. म्हणून लोक आजारी माणसांना तिथल्या बाकावर बसवून यायचे आणि वर नव्या औषधाची वाट बघायचे.

वत्सलाबाईंना बसून जेमतेम दीड तास झाला होता. तेवढ्यात यजमान, दामूअण्णा, आठव्या संक्रांतीचा तिळगूळ घेऊन उतरले.

"अहो, मागचाच अजून तोंडात आहे."

"घे पटकन. इथे मिनिटभर रेंगाळलो, तर वर महिना जातो. पेपरवाला पेपर बंद करतो."

"औषधाचं काय?"

"डॉक्टर म्हणतात, आणखी दहा वर्षं."

म्हणजे दोनच तास. पण अण्णांच्या हातात आता काठी आली होती. दोन तासांनी खाली कोण उतरणार होतं?

वत्सलाबाईंनी पिशवी उचलली.

"अगं, वर तुला वर्षभरच दिलंय त्यांनी."

"पुष्कळ झालं. आठ वर्षांत आपण आठ मिनिटंसुद्धा बोललो नाही," म्हणत त्यांनी अण्णांचा मोकळा हात धरला आणि त्या सरकत्या जिन्यावर चढल्या.