धर्माचा रकाना

"हा एवढा एक रकाना भरला की झालं," लॅपटॉप मिसेस पोलाक यांच्याकडे वळवत वरदा म्हणाली.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या त्या कम्युनिटी हॉलमध्ये सकाळपासून तिचं काम झकास चाललं होतं. एका हाउसिंग संस्थेच्या वृद्ध भाडेकरूंची नोंदणी करायची होती आणि सॉफ्टवेअर वरदानंच बनवलेलं होतं. एकही रकाना रिकामा ठेवून त्यात पुढे जाता येत नसे, याचा तिला कोण अभिमान! पुण्याहून आल्यापासून सहा महिने ती याच कामाला जुंपलेली होती.

मिसेस पोलाक एक्क्याण्णव वर्षांच्या. खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. नोंदणी झाली की सोमवारपासून घरी मदतनीस येणार होती; तोवर धड आंघोळ करायचीही पंचाईत. नाव, पत्ता, औषधं त्यांनी भराभर सांगितली. धर्माशी आल्या आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

"हे मी सांगणार नाही."

"मग 'सांगायचं नाही'वर टिक करू?"

"म्हणजे लपवणाऱ्यांची वेगळी यादी आयती तयार!"

वरदाला हसू येणार होतं, पण बाईंचा चेहरा पाहून ते तिथंच जिरलं. शाळेच्या दाखल्यापासून हा रकाना तिच्या सोबतीला होता. त्यात काय लिहायचं, याचा विचार करायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. "मी ख्रिश्चन टाकते," ती हळूच म्हणाली, "कोण बघायला जातंय?"

"खोटं लिहायचं नाही. वडिलांची शिस्त." मिसेस पोलाक म्हणाल्या. "अ‍ॅमस्टरडॅमला नगरपालिकेत कारकून होते ते. तिथल्या नोंदींमध्ये प्रत्येकाचा धर्म असायचा. जर्मन आले आणि ज्यू म्हणून बाबांची नोकरी गेली. मग हुकूम निघाला, ज्यूंनी नावं नोंदवा. बाबांनी अख्ख्या गल्लीचे फॉर्म आमच्या जेवणाच्या टेबलावर भरून दिले. काय सुरेख अक्षर होतं! माझी मावशी ब्रसेल्सला. तिथेही जर्मनच आले. पण तिथल्या नगरपालिकेच्या वहीत धर्माचा रकानाच नव्हता. त्यांना यादी पहिल्यापासून करावी लागली आणि मावशी नाव द्यायला गेलीच नाही. ती वाचली. बेल्जियममध्ये निम्म्याहून जास्त वाचले. आमच्याकडे हॉलंडमध्ये चारांतले तीन गेले. बाबाही." त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. "तुझं काम फार नीटनेटकं आहे गं. त्या जर्मनांना खूप आवडलं असतं."

वरदाला ते फार लागलं. ती उठून खिडकीपाशी गेली आणि तिनं तिच्या टीम लीडला, गिरीशला, फोन लावला. "गिरीश, धर्माचा रकाना काढतेय मी."

"अगं, ऑप्शनल कर ना. नेक्स्ट रिलीजमध्ये बघू."

"ऑप्शनल नाही. अख्खा कॉलम. आत्ता."

"वरदा, तीनशे बारा लोकांनी भरलाय तो. एकाची तरी कम्प्लेंट आहे का?"

"एकाचीही नाही. सगळ्यांनी मुकाट्यानं भरलाय."

गिरीश म्हणाला, "काढ. क्लायंटला मी सांगतो."

ती जागेवर परत आली. रकाना गेला, त्याच्याबरोबर तीनशे बारा उत्तरंही गेली. मिसेस पोलाक यांची नोंद झाली, सोमवारची मदतनीस पक्की झाली. वरदानं मोठ्या समाधानानं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"आणि दुसरी प्रत?"

"म्हणजे?"

"भूमिगतांनी एकदा आमच्या गावची ती नोंदणी कचेरीच पेटवली होती. कार्डं जळाली. लोकांना वाटलं, सुटलो." मिसेस पोलाक यांनी चष्मा काढला. "पण दुसरी प्रत हेगला होती."

रोज आपोआप बॅकअप घ्यायची कल्पना वरदाचीच होती. तिनं पुन्हा गिरीशला फोन लावला.