छोट्या खोलीचा रंग

नव्या तपासणीच्या सरावासाठी लॅबला मेणात जपलेले गर्भपाताचे जुने नमुने हवे होते. निवृत्तीला आलेल्या टेक्निशियन ताईंनी नाव न सांगता तीस वर्षांपूर्वीचा स्वतःचाच पुढे केला. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, “गर्भ नव्हताच, नुसते द्राक्षांसारखे फोड.” नवरा म्हणाला, “मग रडायचं कुणासाठी?” पण बाळासाठी रंगवलेल्या छोट्या खोलीचा पिवळा रंग त्याने कधी बदलू दिला नाही. ताईंना हवा पांढरा. दर रंगकामाला भांडण ठरलेलं. आजही घरी रंगारी आला होता. मायक्रोस्कोपमध्ये बघत तरुण डॉक्टर म्हणाली, “ताई, हे तपकिरी ठिपके म्हणजे आईकडून आलेल्या जनुकाचं प्रथिन. नुसत्या फोडांत आईचा अंशच नसतो, तिथे हे दिसले नसते. गर्भ होता हो! बिचारीला कळलंही नसेल.” ताईंनी स्वतः वाकून ते ठिपके डोळे भरून पाहिले. मग घरी फोन लावला. “अहो, छोटी खोली पिवळीच रंगवायला सांगा.”