मूळ तुटता कामा नये

“तुटलं!” केशोराव ओसरीवरून ओरडले. “देवकाबाई, मूळ तुटलं. मले इथपर्यंत आवाज आला.”

देवकाबाईने हातातले पाथरीचे रोप उंच धरले. मूळ अखंड होते, पार शेपटीपर्यंत. तिच्यामागे ओळीने बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

केशोराव अर्जुनीजवळच्या एका गावाचे मालगुजार, म्हणजे जमीनदार. घरापुढे त्यांनी साहेबलोकांसारखी हिरवळ राखली होती. उद्या सकाळी डिप्टी कमिशनर साहेब तिच्यावर खुर्ची टाकून चहा घेणार होते. या भागाला एक ऑनररी मॅजिस्ट्रेट नेमायचा होता आणि ते पद केशोरावांना हवे होते. मागच्या दौऱ्यात साहेबांनी हिरवळीतल्या पाथरीची पिवळी फुले छडीने दाखवली होती. “एवढ्याशा जागेचा बंदोबस्त होत नाही?” असे म्हणून ते हसले होते. तेव्हापासून केशोरावांना जेवण गोड लागत नव्हते.

नागपूरला तण मारायची पूड मिळत होती. पण ती विषारी. “माहं वासरू त्या गवतावर चरते,” त्यांच्या पत्नी सावित्रीबाई म्हणाल्या. “पूड घरात आली तं मी अन् वासरू दोघंबी माहेरी जाऊ.” पुडीचा विषय तिथेच संपला.

उरले हात. पाथरीचे मूळ सरळ खोल जाते. तुकडा जमिनीत राहिला, की त्यातून पुन्हा पाने फुटतात. म्हणून केशोरावांचा हुकूम एकच होता. मूळ तुटता कामा नये.

बायांना ते शिकवावे लागले नाही. त्यांनी आधी जमीन भिजवली. पाणी मुरू दिले. मग खुरपी रोपापासून जरा लांब, तिरपी घातली, माती सैल केली आणि रोप बुडाशी धरून हळूच ओढले. घाई केली की मूळ तुटते, दम धरला की निघून येते. धानाचे परे, म्हणजे रोवणीची रोपे, त्या दर पावसाळ्यात असेच काढत. काढलेल्या रोपांची माती त्यांनी धुतली आणि जुड्या बांधून सावलीत ठेवल्या.

“मावशी,” शेजारी बसलेली रुख्मा हळूच म्हणाली, “धानातलं गवत काढाले मालक बाया लावते, अन् दारात गवतच पेरते. काऊन?”

“मोठ्याइचं मोठं राहते.”

“अन् भाजी काढून गवत ठेवाचं?”

देवकाबाईने हातातल्या मुळाची माती झटकली. पाथरी तर घरोघरी खातात. कोवळी पाने, वरून मीठ, भाकरीबरोबर. ही भाजी काढून गवत सांभाळणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. मालक तसे वेडे नव्हते. “तू मूळ पाह्य,” ती म्हणाली. “मालक पाहून राहिले.”

मालक खरेच खाली येऊन एकेक जुडी तपासत होते. “शाबास!” ते म्हणाले. “एकबी मूळ दुखावलं नाही.”

संध्याकाळी दमणीला बैल जुंपले. साहेबांना आणायला केशोरावांना अर्जुनी स्टेशनावर मुक्कामाला जायचे होते. बैल पाय आपटत होते, पगडी बसत नव्हती. तेवढ्यात देवकाबाई आली.

“मालक, जुड्या झाल्या. आता?”

“आता का मी सांगू? याच कामात केस पांढरे झाले तुहे. अंधार पडाच्या आत आटपा!”

दमणी निघाली.

सकाळी ती साहेबांना घेऊन फाटकाशी थांबली. हिरवळ ओल्या पोपटासारखी दिसत होती. पिवळा ठिपका शोधून सापडला नसता. “वा!” साहेब म्हणाले, आणि केशोरावांची छाती फुगली.

मग साहेबांची नजर वाटेवर गेली.

फाटकापासून ओसरीपर्यंत वाटेच्या दोन्ही अंगांना गुलाबांसाठी वाफे खणून ठेवले होते. गुलाब अजून नागपूरहून यायचे होते. पण वाफे रिकामे नव्हते. त्यांत पाथरी रोवली होती. दोरी लावल्यासारख्या रांगा, बुडाशी ओल, रोपारोपांत सारखे अंतर. सकाळचे ऊन पडले होते आणि एकूण एक फूल उमलले होते.

“देवकाबाई!” केशोरावांचा आवाज चिरकला. “हे काऊन लावलं?”

देवकाबाई शाबासकी घ्यायला पुढे आली. हाताला अजून चिखल होता. “वाफे तयार, जुड्या तयार, अन् काऊन म्हनता? तुमीच तं मूळ जपाले लावलं, मालक. मारून टाकाचं असते तं मूळ कोन जपते?”

गावकरी फाटकाशी जमले होते. कोणी हसले नाही, पण सगळ्यांचे ओठ दाबलेले होते.

साहेब मराठीची परीक्षा पास झाले होते, तीही पुस्तकांवरून. देवकाबाईचे बोलणे त्यांच्या कानांवरून निघून गेले. त्यांनी केशोरावांकडे पाहिले. “ही बाई काय म्हणते?”

उत्तर सोपे होते. अडाणी बाई आहे, चुकले म्हणते, माफी मागते. साहेबांना कळले नसते. देवकाबाईलाही ती शुद्ध मराठी कळली असती की नाही, कोण जाणे. ती आपली हसत उभी होती.

केशोरावांनी घाम पुसला. नीट बसलेली पगडी पुन्हा नीट केली.

“म्हणते, साहेब, गुन्हा केशोरावाचा आहे,” ते म्हणाले. “आणि साक्षीदार दोन्ही बाजूंना रांगेत उभे आहेत.”