ब्राह्मीचे तूप

गेल्या आठवड्यात माझ्या नातवाने, चिरागने, झाकणाच्या बरणीत कसलासा पाला भरून ती बरणी माझ्या कुकरमध्ये तासभर ठेवली. मग तो पाला तुपात कढवून गाळला आणि ते तूप त्याच बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवले. "ब्राह्मीचं तूप आहे, आजी. परीक्षेसाठी," असे म्हणाला. मला त्याचा अभिमानच वाटला.

आज गाझियाबादच्या या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. प्रसादाच्या शिऱ्याला तूप कमी पडले, तेव्हा मी ती बरणी रिकामी केली. माझा मुलगा हरिदास एका वाटीवर थांबत होता. "प्रसादाला नाही म्हणायचं नसतं," असे बजावून मी त्याला पुन्हा वाढले. मग तो गुरुजींना दिल्लीत, दीड तासावरच्या मुनिरकाला सोडायला गाडी घेऊन निघाला.

चिराग पेपर देऊन आला आणि फ्रीज उघडून तसाच उभा राहिला.

"आजी, माझं तूप?"

"शिऱ्यात घातलं. सगळ्यांचीच बुद्धी तल्लख होऊ दे."

"अगं, ती ब्राह्मी नव्हती. गांजा होता. बाबांनी खाल्ला शिरा?"

"दोनदा."

"त्यांना लगेच कळणार नाही, आजी. तो तासाभराने चढतो."

मी घड्याळाकडे पाहिले. हरिदासला निघून पन्नास मिनिटे झाली होती.