शंभरच्या वर नको

चावी किरणच्या हातात देऊन देवेश रिक्षात बसला. किरण त्याची निळी स्पोर्ट्‌स बाईक गॅरेजमध्ये ढकलत होता, तोच मागून कुणीतरी हाक मारली. "दादा."

मानसी होती, देवेशची बायको. बाईकवर मागे बसलेलं किरणने तिला दोनेकदा पाहिलं होतं. बोलणं कधी झालं नव्हतं. साकीनाक्याच्या त्या गल्लीत, शेजारच्या लेथ मशीनच्या खरखरीत, रिक्षा वळली त्या टोकाकडे बघत ती उभी होती.

तिने विचारलं, बाईकला काय बसवणार आहात? किरणने सीटखाली बसणारा छोटा काळा डबा दाखवला. फ्युएल मॉड्यूल. इंजिनात किती पेट्रोल जायचं, ते कंपनीने ठरवून दिलेलं असतं. हा डबा मध्ये बसून ते बदलतो. लॅपटॉप लावून सेटिंग केलं की बाईक आणखी पळते.

"मग कमी पण करता येत असेल ना?"

कमी? कशाला, असं किरणने विचारलं.

"ते फार जोरात चालवतात," ती म्हणाली. "मला भीती वाटते."

पदराचं टोक तिने मुठीत गच्च धरलं होतं. किरणने टेम्पोतून परत आलेल्या बाईक पाहिल्या होत्या. वाकलेलं हँडल, चेपलेली टाकी. चालवणाऱ्याचं काय झालं, हे विचारायचं त्याने कधीच सोडलं होतं.

करता येईल, तो म्हणाला. खालचा पिकअप चांगला ठेवायचा, म्हणजे सिग्नलवरून सुटताना देवेशला झकास वाटेल. वर मात्र इंजिन कोंडायचं. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये त्याला कळणारही नाही.

"वर म्हणजे किती?"

"शंभरच्या पुढे जाणार नाही."

"नक्की? रस्ता मोकळा असला तरी?"

"हायवेला नेली तरी."

रविवारच्या आधी होईल ना, असं तिने विचारलं. रविवारी देवेश बाईकवाल्यांच्या ग्रुपबरोबर बाहेर पडतो हे किरणला ठाऊक होतं. शुक्रवारी देतो, म्हणाला. मुलीची शाळा सुटायची वेळ झाली म्हणून ती निघाली. पायरीवर पुन्हा वळली आणि तिने हात जोडले.

"त्यांना कळू देऊ नका, दादा."

घरी किरणने बायकोला, नंदाला, सगळं सांगितलं. किती जीव लावते बघ नवऱ्याला, असं तो म्हणाला. गिऱ्हाइकाशी खोटं वागतोस, एवढंच नंदा म्हणाली.

शुक्रवारी देवेश आला. गल्लीत एक चक्कर मारून हसतच परतला. पिकअप कडक झालाय, म्हणाला. किरणच्या आईच्या गुडघ्याची त्याने चौकशी केली, ओळखीच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. माणूस तसा गोड होता. हेल्मेटचा पट्टा आवळताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मानसी आली होती का रे इकडे?"

"नाही," किरण म्हणाला.

"बरं."

देवेश गेला. बाईकचा आवाज विरला तरी किरण दारातच उभा राहिला. त्याला कळलं असेल का? कळलं असतं तर असा हसला असता का?

शनिवारी एक वेगळीच भीती त्याच्या मनात शिरली. घाटात देवेश ट्रकला ओव्हरटेक करतोय, समोरून बस येते, तो मूठ पिळतो आणि बाईक उचलतच नाही. हा विचार आधी कसा सुचला नाही? वाचवायला गेलो आणि आपल्याच हाताने मारला तर?

रविवारी सकाळीच त्याने देवेशला फोन लावला. रिंग वाजत राहिली. मानसीचा नंबर त्या दिवशी घेऊन ठेवला होता. तो बंद होता. पुन्हा लावला. बंदच. नंदाने वाढलेलं ताट तसंच ठेवून तो कांजूरच्या आपल्या घरून नाहूरला देवेशच्या घरी गेला.

बिल्डिंगच्या वॉचमनने सांगितलं, साहेब सकाळीच सुसाट गेले. डोक्यावर हेल्मेट नाही, पायात घरातली चप्पल. वर कोणी नाही, घराला कुलूप आहे.

हेल्मेट नाही. किरण तिथेच गेटच्या कठड्यावर बसला. सगळे हॉस्पिटलला धावले असतील, असं त्याच्या मनाने घेतलं. संध्याकाळपर्यंत तो फोन लावत राहिला. कोणीच उचलला नाही.

सोमवारी सकाळी तो गॅरेजकडे वळला, तर शटरसमोर निळी बाईक उभी होती. एकही ओरखडा नव्हता. तिला टेकून देवेश उभा होता. धडधाकट. किरणने भिंतीला हात टेकला. देवा, जिवंत आहे.

"काल बाईक पळाली नाही," देवेश म्हणाला. डोळे तांबारलेले होते, पण आवाज अगदी शांत होता.

कुठे, असं किरणने विचारलं. नाहूरहून हायवेला लागलो, देवेशने सांगितलं. रस्ता मोकळा होता. समोर एक पांढरी कार होती, हात लांब केला तर लागेल एवढी जवळ. मूठ पूर्ण पिळली, पण बाईक शंभरला जाऊन अडकली ती अडकलीच. मुलुंडच्या टोलनाक्यापुढे ती कार दिसेनाशी झाली.

किरणला हायसं वाटलं. मित्रांतली पैज असणार. देवेश चिडेल, शिव्या देईल, सेटिंग बदलून घेईल. तेवढंच.

"रेस लावली होतीस का?" शटरचं कुलूप काढत त्याने विचारलं.

देवेशने त्याच्याकडे बघत हळूच शटर वर सरकवलं, किरणला आत घेतलं आणि शटर खाली ओढलं.

"त्या कारमध्ये मानसी होती," तो म्हणाला. "पोरीला घेऊन पळाली माझ्यापासून."