तीन फाळांची ताकद

सायलेन्सरवर टेकलेला तळहात. बाळाची मऊ टाळू. पस्तीस हॉर्सपॉवरच्या इंजिनातून निघणारी साठची ताकद.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी रंगनाथ शेतातून आला आणि बैलाच्या खांद्याला चोळतात तसं तूप-हळद आपल्या जुन्या ट्रॅक्टरच्या बॉनेटला चोळू लागला. हात तापल्या सायलेन्सरला लागला. चर्र झालं.

"अहो, हात!" सुशीला ओरडली.

त्याने हात उचलून पाहिला. काहीच कळलं नव्हतं. स्टिअरिंगला बसवलेल्या किटने उजव्या हाताचा सगळा स्पर्श इंजिनाला देऊन टाकला होता, कायमचा; त्या बदल्यात इंजिन पस्तीसऐवजी साठची ताकद देत होतं.

सर्व्हिसिंगला आलेले अन्वर मिस्त्री हसले. "रंगाभाऊ, डावाही जोडू? तीन फाळांचा नांगर ओढील. बांधापलीकडचे बघत बसतील."

"उद्या लेक नातीला घेऊन येतेय, पहिल्यांदा," सुशीला म्हणाली. "एक हात तरी राहू द्या."

रंगनाथने पावसाअभावी दगडासारख्या झालेल्या रानाकडे पाहिलं. "जोडा."

दुसऱ्या दिवशी नात त्याच्या हातांत होती, मऊ टाळू डाव्या तळहातावर; त्याला ती जाणवत नव्हती. "ओली झालीय का हो?" सुशीलाने विचारलं. त्याने वाकून दुपट्याला गाल लावला.

किट विकतानाच मिस्त्रींनी सांगितलं होतं की हातांनंतर चेहराही जोडता येतो.