वाचलेला फोम

सोफ्याच्या गाद्या करणाऱ्या कारखान्यात तो कटिंगमास्तर होता. बोटभर माल वाया गेला तरी त्याचा जीव खालीवर व्हायचा. दोन महिने डोकं लढवून त्याने फोमच्या तक्त्यावरची आखणी पार बदलून टाकली, मोठ्या गाद्यांच्या मधल्या फटींत छोट्या उशा चपखल बसवल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, हातात प्रमाणपत्र दिलं आणि म्हणाले, "मास्तर, कमाल केलीत! कचऱ्याचं पिंप कोरडं पाडलंत."

शनिवारी सुट्टी झाली तसा तो सवयीने पिशवी घेऊन त्याच पिंपाशी गेला. उरलेसुरले तुकडे कामगारांनी घरी न्यायचे, ही तिथली जुनी रीत. खांद्यापर्यंत हात आत घातला, तर बोटांना नुसता गार पत्रा लागला. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

घरी बायको तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. कमरेखाली, टाचांखाली दर आठवड्याला नवा तुकडा सरकवला नाही, तर जुना दबून पापडासारखा व्हायचा आणि तिची कातडी सोलवटून निघायची.

रिकामी पिशवी दाराआड टांगून त्याने प्रमाणपत्र तेवढं तिच्या हातात दिलं. ते वाचताना तिचा चेहरा खुलला.


"अहो, एवढा फोम वाचवलात तुम्ही! मग आज माझ्या टाचेखाली जरा जाडसा तुकडा ठेवा की."